सासूबाई गाडी मागे घेतात

सासूबद्दल चांगलं बोलणारा जावई दिसला की लोकांना वाटतं, याचं काहीतरी अडलेलं असणार. माझं काहीही अडलेलं नाही. माझा छापखाना बरा चालतो, बायको अधूनमधून प्रसन्न असते आणि दाराशी माझी स्वतःची गाडी उभी आहे. तरीही मी सासूबाईंबद्दल लिहिणार आहे. त्यांचा अभिमान वाटतो म्हणून छाती फुगते, आणि फुगलेली छाती घेऊन माणसाने नुसतं किती दिवस हिंडायचं?

सुरुवात गाडीपासून करतो, कारण आमच्या घरातली सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. माझी गाडी म्हणजे हल्ली जिकडेतिकडे दिसते ती, बेताच्या अंगाची आणि उंच चणीची, धड मोटार नाही आणि धड जीपही नाही. कंपनी तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणते. सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर तीच गाडी घेतली, रंगसुद्धा तोच. फरक इतकाच की माझं मॉडेल सगळ्यात वरचं: ऑटोमॅटिक, टर्बो इंजिन, मागे कॅमेरा, छताला सरकती काच. त्यांचं सगळ्यात खालचं, हाताने गिअर टाकायचं. तिच्यात एसी कमीजास्त करायलाही गोल बटणं फिरवावी लागतात.

"छताला भोक कशाला पाडून घेतलंत?" माझी गाडी पहिल्यांदा बघून सासऱ्यांनी विचारलं.

"आभाळ बघायला, बाबा."

"आभाळ बघत गाडी चालवणारे ड्रायव्हर बघितलेत मी. दवाखान्यात."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. त्यांनी उभा जन्म शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून काढला. आणि त्यांच्या बसच्या कंडक्टर होत्या सासूबाई. लग्नाच्या आधीपासून. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, इतकीच त्यांची बोलाचाली. आमची ही म्हणते, आई-बाबांचं प्रेम घंटेवर जमलं. सासूबाई म्हणतात, "प्रेम कसलं? हे घंटा दिल्यावर लगेच थांबायचे. तेवढं ऐकणारा दुसरा कोणी दिसला नाही."

बसमध्ये सासूबाई कशा होत्या हे जुने प्रवासी अजून सांगतात. आवाज असा की मागच्या दारातून "पुढे सरका" म्हटलं की ड्रायव्हरनेही दोन बोटं पुढे सरकावं. गर्दीत एखादी म्हातारी अवघडून उभी असेल तर तरण्या पोराला त्या नजरेनेच उठवायच्या. सासरे मोठ्याने हसत नाहीत की मोठ्याने कौतुक करत नाहीत, पण बायकोला अजून "कंडक्टरबाई" म्हणतात आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरतो.

आमच्या या गाडीच्या मालकांचं शहरात एक मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही रिकाम्या पार्किंगमध्ये जमतो, बॉनेटं उघडतो आणि एकमेकांच्या गाडीला नावं ठेवतो. मंडळाचे म्होरके म्हणजे एक दंतवैद्य. गृहस्थ सज्जन, पण गाडीबद्दल बोलायला लागले की समोरच्याने नुसतं तोंड उघडून बसायचं, ही त्यांची धंद्यातली सवय.

"तुमची टर्बो लिटरला काय देते?" ते मला विचारतात.

"शहरात जरा खाते. हायवेला सोडली की बघा मग."

"म्हणजे हायवे सापडेपर्यंत पंपावरच. माझी साधी पेट्रोल, पण हिशोबात राहते."

"तुमच्या साध्या पेट्रोलला चढावर दम लागतो, डॉक्टर. मागे बसणाऱ्याला वाटतं उतरून ढकलावं."

सासरे हे ऐकत आपल्या गाडीच्या टपावर कोपर टेकून उभे असायचे. विचारलं की म्हणायचे, "क्लच हलका आहे. ब्रेक वेळेवर लागतो. आणखी काय पाहिजे?" आणि सासूबाई? त्या एकेका गाडीत मागच्या सीटवर बसून यायच्या. आपली, माझी, डॉक्टरांची, सगळ्यांची. मग निकाल द्यायच्या. "सगळ्यांचा एकच दोष. पुढच्याला सगळं दिसतं. मागच्याला खिडकी इतकी उंच की झाडाचे शेंडे तेवढे दिसतात." डॉक्टर म्हणायचे, काकू, ते गाडीचं डिझाइन आहे. काकू म्हणायच्या, "असेल. मी आयुष्यभर मागेच होते, म्हणून सांगितलं."

मंडळाचा एक नियम आहे आणि तो मोडलेला मला तरी माहीत नाही. वर्षातून एकदा आम्ही सगळे घाट चढतो. तेव्हा कोणाची गाडी दुसरा कोणी चालवत असेल आणि मालक तिच्यात असेल तर त्याने मागच्या सीटवर बसायचं आणि वर पोचेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांमुळे पूर्वी मोठी भांडणं झाली होती, त्यावर हा तोडगा निघाला.

मग सासऱ्यांचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग धूसर होत जाणार, कडेचं दिसत राहील. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण त्याच्या बाजूची खुर्ची दिसायची. गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. सासऱ्यांनी घरी येऊन चावी खुंटीला अडकवली आणि त्यानंतर ते बाल्कनीत बसले ते बसलेच. सकाळी खाली जायचे, गाडी पुसायचे, वर यायचे. आम्ही आमच्या गाडीतून फिरायला नेतो म्हटलं तर नको. मित्राकडे सोडतो म्हटलं तर नको. ज्याने सगळं शहर इकडून तिकडे नेऊन सोडलं, त्याला आपल्याला कोणीतरी नेऊन सोडतंय हे सहन होत नव्हतं.

एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "गाडी उभ्या उभ्या खराब होईल. मंडळाचे डॉक्टर त्यांच्या मुलीसाठी विचारत होते. देऊन टाकू."

"मी चालवीन," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांचा घास हातात राहिला. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी भाजीकडे.

"तू?"

"मी. का? तीस वर्षं तुमच्या पाठीमागे उभी राहिले ती काय वारा खायला?"

"उभं राहणं वेगळं आणि चालवणं वेगळं." सासऱ्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपलं म्हणून जे काही उरलं होतं तेही कोणीतरी मागतंय, असा तो आवाज होता. शेवटी म्हणाले, "यंदाचा घाट चढून दाखव. जमलं तर गाडी राहील. नाहीतर डॉक्टरांची."

रात्रीची भांडी आवरताना सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, मला गाडीची हौस नाही. पण हा माणूस असा बसून राहिला तर संपेल. ती गाडी गेली की हा बाल्कनीतून उठायचा नाही." एवढं बोलून त्यांनी पातेलं असं घासलं की त्याच्या बुडाचा काळेपणा निघाला. मी ते पुसून फळीवर ठेवलं.

त्या ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागल्या. सासऱ्यांनी शिकवायला साफ नकार दिला होता आणि सासूबाईंनीही आग्रह केला नाही. स्कूलची बाई त्यांच्या निम्म्या वयाची. ती म्हणायची, मावशी, गिअर बदलताना गिअरकडे बघू नका. सासूबाई बघत नव्हत्याच. त्या आरशातून मागच्या सीटकडे बघत होत्या. सगळे नीट बसले का, दार लागलं का. मागे कोणीही नसलं तरी.

परीक्षेचा दिवस आला. सरळ चालवणं झालं, वळण झालं, चढावर थांबून पुढे नेणं झालं. मग अधिकारी म्हणाले, आता गाडी मागे घ्या. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरल्या. गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत येऊन बसल्या आणि मग रिव्हर्स टाकला. बस मागे घ्यायची तर कंडक्टरने खाली उतरून मागे उभं राहायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. अधिकाऱ्यांनी जागच्या जागी नापास केलं. परीक्षा चालू असताना गाडी सोडून खाली उतरणारा उमेदवार त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच बघितला म्हणे.

"आरसा आहे ना गाडीला?" त्यांनी विचारलं.

"आरशात मूल दिसतं का? चाकाजवळ बसलेलं?" सासूबाईंनी उलट विचारलं, आणि नापासाचा कागद घेऊन घरी आल्या.

हे ऐकून आम्ही हसून हसून लोटपोट झालो. सासरे हसले नाहीत. ते म्हणाले, "तिने बरोबर केलं," आणि बाल्कनीत गेले. दुसऱ्या खेपेला सासूबाई उतरल्या नाहीत, पण मान खिडकीबाहेर इतकी काढली की अधिकाऱ्यांनाच धास्ती वाटली. पास झाल्या.

घाटाच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. माझी ऑटोमॅटिक गाडी पुढे बायको चालवत होती. "आईच्या शेजारी तू बस," ती मला म्हणाली, "मी बसले तर पहिल्या वळणाला आमचं वाजेल." सासरे नियमाप्रमाणे मागच्या सीटवर, मूग गिळून. आणि नवशिक्या म्हणून आमची गाडी रांगेत सगळ्यात शेवटी.

सासूबाई हळू चालवत होत्या, पण चुकत नव्हत्या. चढाला वेळेवर गिअर उतरवत होत्या. मी मुद्दाम चारदा मागे वळून सासऱ्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. काय चाललंय मनात, काही कळेना.

निम्मा घाट चढल्यावर रांग थांबली. एका वळणावर दरड पडून अर्धा रस्ता गेला होता आणि वरून माणसांनी भरलेली बस उतरून आली होती. बसच्या मागे ट्रकांची रांग, त्यामुळे तिला मागे जाता येईना. मागे जायचं तर आम्हालाच. रस्ता रुंद होता तो खालच्या वळणाशी. आणि आम्ही सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात आधी मागे जायचं ते आम्ही. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. कठडा नावाला एका ठिकाणी होता.

माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू? डॉक्टर पुढच्या गाडीतून उतरून धावत आले. "काकू, तुम्ही उतरा. मी घेतो मागे. यात काही कमीपणा नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबल्या. मला समजलं. मागे जाऊन उभं राहायची सवय पायाला होती, पण त्या मागे गेल्या तर पुढे बसायला कोण? पाय तसाच बाहेर, हात स्टिअरिंगवर. त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा बारीक ऐकला. "मागे कोणीतरी हवं हो," त्या म्हणाल्या. मी दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासरे खाली उतरले होते.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही!" मी ओरडलो.

"मधलं दिसत नाही. कड दिसते," ते म्हणाले. "मला कडच बघायचीय."

ते डिकीला हात लावत दरीच्या बाजूने मागे गेले आणि जरा अंतरावर तिरपे उभे राहिले, मान वाकडी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून रस्त्याची धार बघत. मग त्यांनी हाक दिली. "येऊ द्या..." लांब, एका सुरात. "येऊ द्या... येऊ द्या..." ही हाक सासूबाईंची. बस मागे घेताना त्या इतकी वर्षं हीच हाक द्यायच्या, असं मी हजारदा ऐकलं होतं. आज ती ड्रायव्हरच्या तोंडून येत होती. आणि उभ्या आयुष्यात ज्याने बायकोला कधी अहोजाहो केलं नाही तो माणूस "येऊ द्या" म्हणत होता.

सासूबाईंनी पाय आत घेतला, दार ओढलं. आरशाकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त ऐकत होत्या. हाक लांबली की गाडी जायची, हाक तुटली की थांबायची. "डावीकडे... येऊ द्या... बस!" गाडी थांबली. मी खिडकीतून खाली बघितलं आणि लगेच बघायचं बंद केलं. पुन्हा हाक आली, पुन्हा गाडी निघाली. असं करत आम्ही वळण उतरलो आणि रुंद जागेत डोंगराला चिकटून उभे राहिलो, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर सासरे तिथेच उभे राहिले आणि एकेक करून मंडळाच्या सगळ्या गाड्या त्यांनी मागे घेतल्या. माझ्या गाडीचे सेन्सर दरी बघून असे किंचाळत होते की बायकोने ते बंद करून टाकले आणि बापाची हाक ऐकली. बस आमच्या शेजारून खाली गेली, मागोमाग ट्रक. तिच्या ड्रायव्हरने सासऱ्यांकडे बघून हात वर केला. सासऱ्यांना तो दिसला की नाही कोण जाणे. पण बसच्या मागच्या दारात उभ्या कंडक्टरने सासूबाईंकडे बघून मान हलवली, ती त्यांनी नक्की बघितली. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बसा. दार नीट लावा." मग हँडब्रेक सोडत, क्लच धरत, गाडी तसूभरही मागे न सरकू देता त्या वर निघाल्या.

माथ्यावर पोचल्यावर थर्मास उघडले आणि पुन्हा तुलना सुरू झाल्या. कोणाचं इंजिन तापलं, कोणाची ऑटोमॅटिक दोन गिअरांमध्ये चाचपडली, कोणाच्या गाडीचं पोट खड्ड्याला लागलं. मी टर्बोची बाजू लावून धरली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. डॉक्टर चहाचा कप घेऊन सासऱ्यांजवळ गेले. "काका, तेवढं माझ्या मुलीचं सांगा. गाडी न्यायला कधी येऊ?"

सासऱ्यांनी चहा संपवला. "खाली उतरल्यावर सांगतो," म्हणाले.

सासूबाईंनी ते ऐकलं. घाट चढला होता, अट पूर्ण झाली होती, तरी हा माणूस हो म्हणत नव्हता. माझ्या डोक्यात सणक गेली. मी काहीतरी बोलणार होतो, पण सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या नजरेपुढे तरणी पोरं उठायची, मी कोण लागून गेलो? मी थर्मासचं झाकण लावलं.

उतरताना सासरे पुढे बसले आणि मी मागे. वर पोचल्यावर नियम संपतो, त्यामुळे आता ते बोलू शकत होते. उतारावर चूक काढायला जागाही बरीच असते. मी वाट बघत होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सासूबाई तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक जपून. सासरे बोलेनात. मी जरा पुढे वाकून बघितलं.

ते झोपले होते.

ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहे त्यांनाच हे कळेल. हा माणूस दुसऱ्याने चालवलेल्या वाहनात कधीही झोपलेला नव्हता. लांबच्या प्रवासात, रेल्वेत, माझ्या गाडीत तर नाहीच. माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय पायपुसणं दाबत असतो. तो माणूस मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून, घाट उतरताना घोरत होता. मला एकदम इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान वळवली नाही. "दिसतंय मला," त्या हळूच म्हणाल्या. डोळे भरले होते आणि रस्त्यावर होते.

खाली सपाटीला डॉक्टरांनी आमच्या शेजारी गाडी थांबवली आणि काच खाली केली. "मग? काका काय म्हणतात?"

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"म्हणतायत ना," मी कुजबुजलो, "ऐका की."

डॉक्टरांनी ऐकलं. मोठा, निवांत, लोहाराचा भाता चालावा तसा घोरण्याचा आवाज. मग हसले, हात जोडले आणि काच वर करून निघून गेले. मुलीसाठी त्यांनी पुढे दुसरी गाडी बघितली. तिची आणि आमची तुलना दर रविवारी ऐकवतात.

आम्ही घराच्या गल्लीत शिरलो. बायको आमच्याआधी पोचून फाटक उघडून उभी होती. सासूबाईंनी गाडी हळू केली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि फाटकासमोरून तशीच पुढे काढली.

"आई, घर गेलं," मी म्हणालो.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "झोपू द्या त्यांना. आणखी एक फेरी मारू."